चिखलदऱ्याची पाणवाट: तलाव, किल्ला आणि डोंगर, अडीच दिवसांत

चिखलदऱ्याहून परतलेला माणूस बहुधा पॉइंट मोजून सांगतो. पंचबोल झाला, हरिकेन झाला, भीमकुंड झालं. गाडीतून उतरले, कठड्याशी फोटो काढले, पुन्हा गाडीत बसले. धुकं असलं तर तेवढंही हाती लागत नाही. मी अचलपूर तालुक्यातला. आमच्या वावरातून उत्तरेला मान वळवली की गाविलगडाची निळी रांग दिसते, आणि शाळेत असल्यापासून वर्षातून तीन-चारदा तरी त्या रांगेवर जाणं होतं. इतक्या फेऱ्यांनंतर घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी एकच गोष्ट आग्रहानं सांगतो: इथे पाण्याच्या मागानं फिरा. शक्कर तलावापासून सुरू करा, गाविलगडावरच्या तळ्यांपर्यंत चाला, दरीत उडी घेणारं पाणी बघा आणि शेवटी त्याच डोंगराच्या पायथ्याशी धरणावर उतरा. एका दिवसात हे होत नाही. अडीच दिवस आणि दोन मुक्काम लागतात. ते कसे लावायचे, ते क्रमानं लिहितो.

निघण्याआधी डोंगर समजून घ्या

गाविलगडाची रांग म्हणजे सातपुड्याचा दक्षिणेकडचा काठ. सगळा काळा बेसॉल्ट, लाव्हाच्या थरावर थर. वऱ्हाडच्या बाजूला हा डोंगर कड्यासारखा तुटतो, तर उत्तरेला घड्या घालत तापीकडे उतरत जातो. चिखलदरा या दोन्हींच्या मधल्या पठारावर, सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. पाऊस इथे दणकून पडतो, पण हा खडक पाणी फार धरून ठेवत नाही. जे पडतं ते ओढ्यांना लागतं आणि कड्यावरून निघून जातं. म्हणून पठारावर राहायचं तर पाणी अडवावंच लागतं, आणि जे जे इथे राहिले त्यांनी ते अडवलं. किल्लेदारांनी तळी बांधली, गावानं तलाव राखले. इथला कुठलाही तलाव बघताना हे लक्षात असू द्या की तो आधी कुणाच्या तरी घागरीचं, नाही तर गुराढोरांचं पाणी आहे.

आणखी एक गोष्ट नकाशावर बघून या. या पठारावर पडलेल्या पावसाच्या दोन वाटा होतात. दक्षिणेला उतरणारं पाणी चंद्रभागा, शहानूर, सापन अशा नद्यांमधून पूर्णेच्या खोऱ्यात जातं. उत्तरेकडचं पाणी सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार यांच्यातून तापीला मिळतं. पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीलाच भेटते. एवढं डोक्यात ठेवून फिरलात तर प्रत्येक ओढा कुठल्या बाजूचा, हे तुम्ही आपोआप विचारायला लागाल. मुलं सोबत असतील तर त्यांना हा खेळ दोन दिवस पुरतो.

कधी यायचं

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे जोरात असतात, धुकंही तितकंच. शनिवार-रविवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास घाटात गाड्यांची अशी रांग लागते की निम्मा दिवस गाडीतच जातो. पावसाळ्यातच यायचं असेल तर मंगळवार-बुधवार धरा.

मी स्वतः पोळा झाल्यानंतरचे दिवस निवडतो, तिथून दिवाळीपर्यंत. तलाव काठोकाठ असतात, ओढे वाहते असतात, धुकं सकाळचे काही तास राहून उठतं आणि गवत कंबरेएवढं झालेलं असतं. त्या दिवसांत डोंगर जसा दिसतो तसा वर्षभरात पुन्हा दिसत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी पडते आणि पाण्यावरून वाफ उठते. पक्षी बघणाऱ्यांनी तेव्हा यावं. शिवाय डिसेंबरच्या शेवटाला परतवाड्याजवळ बहिरमची यात्रा भरते, ती महिनाभराहून जास्त चालते. हंडीतलं मटण आणि रोडगे यांच्यासाठी अख्खं वऱ्हाड तिथे लोटतं. वर जाताना नाही, उतरताना तिकडे वळा, कारण ते जेवण झाल्यावर किल्ला चढवत नाही.

एप्रिल-मेमध्ये अमरावती-अकोला भाजत असतात, तेव्हा वरचा गारवा बरा वाटतो. पण तलाव आटलेले असतात आणि डोंगरातल्या गावांना पाण्याची ओढ असते. त्या दिवसांत यायचं तर बादलीभर पाण्यात अंघोळ उरकायची तयारी ठेवा.

पोहोचायचं कसं

नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, अमरावतीहून परतवाडा पन्नासेक आणि तिथून चिखलदरा तीसेक किलोमीटर. अकोल्याकडून येणाऱ्यांनी अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असं यावं. एसटी अमरावती आणि परतवाड्याहून मिळते. फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वर पोहोचताच स्टँडवर विचारून घ्या.

परतवाड्यात तीन कामं उरका. पेट्रोल भरा, चाकांची हवा बघा आणि रोख पैसे काढा. डोंगरात मोबाइलची रेंज येते-जाते, आणि रेंज नसली की फोनवरून पैसे देणंही अडतं. ज्या गवळ्याकडून खवा घ्याल किंवा जो पोरगा किल्ला दाखवेल, त्याला रोख देता आलं पाहिजे.

वर जायला दोन वाटा आहेत. एक धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढते, दुसरी घटांगच्या बाजूनं जंगलातून जाते. जाताना पहिली आणि येताना दुसरी, किंवा उलट, असं करा, म्हणजे डोंगराच्या दोन्ही बाजू बघून होतात. घाट उजेडी चढा. अंधारात जंगलच्या रस्त्यावर जनावरं येतात, आणि वळणावर समोर रानगवा उभा राहिला तर चूक त्याची नसते.

चढताना ज्या गिअरमध्ये गाडी चढली, उतरताना तोच गिअर ठेवा. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नको. धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. काहीच दिसेनासं झालं तर रस्त्यावर थांबू नका. मोकळी जागा बघून डांबराच्या पूर्ण बाहेर गाडी घ्या आणि मगच चारही इंडिकेटर लावा.

पिशवीत काय घ्यायचं

सगळ्यात महत्त्वाचे बूट. रबरी, खोल नक्षीच्या तळव्याचे. ओल्या बेसॉल्टवर शेवाळ धरलं की साधी चप्पल साबणासारखी घसरते. पोळ्यानंतर येणार असाल तर लोकरी मोजे घालू नका. उंच गवताची कुसळं त्यात अशी रुततात की संध्याकाळचा तास ती उपटण्यात जातो. गुळगुळीत कापडाची पँट आणि पातळ मोजे चांगले. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण पठारावरचा वारा छत्री उलटी करतो आणि दरीच्या काठी दोन्ही हात मोकळे असलेले बरे. काठी, बॅटरी, शिट्टी, माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर. दुपारच्या जेवणाला घरच्या पोळ्या, ठेचा, मुरमुरे. मोसम असेल तर परतवाड्याहून संत्री घ्या. किल्ल्यावर भर दुपारी संत्र्यासारखं काही नाही. सालपटं पिशवीतूनच परत आणा, नाही तर माकडांना माणसाच्या पिशवीची सवय लागते.

पहिली दुपार: शक्कर तलाव, मग देवी पॉइंट

दुपारपर्यंत वर पोहोचा, खोलीवर सामान टाका आणि गाडी तिथेच ठेवा. चिखलदरा पायी फिरण्याएवढंच आहे.

शक्कर तलावावर बहुतेक लोक सरळ बोटीच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही आधी काठानं चाला, सावकाश. पंधरा मिनिटं एका जागी बसलात की पाणी हलायला लागतं. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. खंड्या एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. पाणकावळा पंख पसरून वाळवत असतो. थंडीत धोबी पक्षी शेपटी हलवत काठावरून पळताना दिसतील. हे सगळं बघायला महागडी दुर्बीण लागत नाही, गप्प बसणं लागतं.

मग बोट. पाणी पुरेसं असताना बोटिंग चालू असतं. लाइफ जॅकेट अंगावर चढवून पट्टे आवळल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका, नुसतं मांडीवर घेऊन बसू नका. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट नसेल तर मुलांना काठावरच ठेवा. वारा सुटला, आभाळ गडगडायला लागलं की निम्म्यातून परत फिरा. पैसे गेले तरी चालतील.

पोहायला उतरू नका, या तलावात नाही आणि डोंगरातल्या दुसऱ्या कुठल्याही तळ्यात नाही. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ, पाणवेली आणि एकदम तुटणारा खडक असतो. पोहता येणारी माणसंच इथे फसतात, कारण न येणारा उतरतच नाही. साबण, शाम्पू, गाडी धुणं हेही नको. कारण वर सांगितलंच आहे.

कालापाणी तलाव त्या मानानं शांत. गर्दीचा कंटाळा आला की मी तिकडे जातो. सोबत कुणी वयस्कर असेल आणि किल्ला झेपणार नसेल, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यांनी तिथे काढावी.

उन्हं कलली की देवी पॉइंट. खडकाच्या पोटात देवीचं ठाणं आहे आणि छतातून पाणी ठिबकत राहतं. चंद्रभागेचा उगम इथलाच मानतात. आत जाताना बूट बाहेर राहतात आणि फरशी कायम ओली असते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा हात धरा. बाहेर येऊन दरीकडे तोंड करून उभे राहिलात की खाली वऱ्हाडची सपाटी दिसते, चौकोनी वावरं, पांढरे रस्ते. तुमच्या मागे ठिबकणारं पाणी तिकडेच निघालेलं असतं. आमच्या गावाकडचे लोक या ठिकाणी हात जोडतात तेव्हा त्यात देवीइतकाच त्या पाण्याचाही वाटा असतो, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

दुसरा दिवस: गाविलगड, पहाटेपासून

हा दिवस किल्ल्याला पूर्ण द्या. चिखलदऱ्यापासून किल्ला दोन-तीन किलोमीटरवर आहे, म्हणून लोक तासाभरात उरकतात. दरवाजा बघतात, तोफेवर बसतात आणि परत फिरतात. खरा किल्ला त्यानंतर सुरू होतो. नीट बघायला चार ते पाच तास हवेत.

हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो. सकाळी नाका उघडताच नोंद करा, शुल्क भरा, पावती जपून ठेवा आणि आजूबाजूच्या गावातला वाटाड्या सोबत घ्या. पठार मोठं आहे, पावसाळ्यानंतर गवतात पायवाटा बुडतात आणि भिंतींच्या मागे अस्वल असू शकतं. वाटाड्याला ते आधी कळतं. ड्रोन उडवायचा नाही, मुक्काम करायचा नाही, चूल पेटवायची नाही.

नावाचा उगम गवळ्यांत आहे. आधी इथे गवळ्यांची गढी होती असं मानतात. बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५ मध्ये किल्ला बांधून काढला, १४८८ मध्ये फतहुल्ला इमादउल्मुल्कनं डागडुजी केली. पुढे त्यानंच वऱ्हाडची इमादशाही उभी केली. दरवाजावर दगडात कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड आणि हत्ती दिसतील. सकाळचं तिरपं ऊन त्यावर पडतं तेव्हा कोरीव काम उठून दिसतं, दुपारी तेच सपाट वाटतं. म्हणून पहाटे या म्हणतो.

दरवाजातून आत गेलात की आता तळी शोधा. देवतलाव, माछीतलाव ही नावं वाटाड्याच्या तोंडून येतीलच. पण त्याच्या मागे नुसते जाऊ नका, स्वतः शोधून बघा. मला हे एका कोरकू, म्हणजे इथल्या आदिवासी, पोरानं शिकवलं. तो म्हणाला, "दादा, आधी उतार बघा. पाऊस पडला तर पाणी कुठं जाईल ते बघा. तिथंच तळं भेटते." खरंच तसं आहे. दोन उंचवट्यांच्या मधली जागा धरून चालत राहिलं की समोर घडीव दगडाची कड येते, आणि तिच्या पलीकडे पाणी. तळं दिसल्यावर तीन गोष्टी बघा. पाणी येतं कुठून, जादा पाणी कुठून बाहेर पडतं आणि पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत. पायऱ्यांची बाजू म्हणजे वस्तीची बाजू. त्या दिशेनं गेलात तर पडलेल्या भिंती, जोती, कधी एखादं उखळ सापडतं. मशिदीच्या ओट्यावर बसून डबा उघडण्याआधी असं निदान एका तळ्याचं तरी करा.

हे पाणी पिऊ नका, कितीही निवळ दिसलं तरी. शेवाळलेल्या पायरीवर पाय देण्याआधी काठीनं घासून बघा, आणि पाण्याच्या रेषेपासून दोन पायऱ्या वरच थांबा.

इथे उभं राहून १८०३ आठवतं. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य मागे हटलं. मग इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडावर आला. दक्षिणेकडचा कडा चढणं अशक्य, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं जड तोफा डोंगरदऱ्यांतून ओढत उत्तरेच्या अंगाला नेल्या, जिथे किल्ला पठाराला जोडलेला आहे. तटाला खिंडार पडलं आणि १५ डिसेंबरला किल्ला गेला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि रघूजी भोसल्यांच्या हातून वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सुटून निजामाकडे गेला. पाण्यावाचून शरण यायची वेळ या गडावर तेव्हा आलीच नव्हती. तळी बांधणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं, हे मला प्रत्येक वेळी तिथे जाणवतं.

दोन धोके नीट समजून घ्या. पहिला आग्या मोहोळाचा. दरवाजांच्या कमानी आणि कडे यांना ही पोळी लोंबत असतात. अत्तर, स्प्रे, विडी-सिगरेटचा धूर, आरडाओरड आणि दगड मारणं, यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-मान कपड्यानं झाका आणि सरळ दूर चालत सुटा. तळ्यात उडी मारणं हा उपाय नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडतो. दुसरा धोका विजेचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर वीज जवळ आहे. तटावरून, एकट्या झाडाखालून, पाण्याच्या काठावरून लगेच हला. शक्य असेल तर गाडीत बसा. ते जमत नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा आणि एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

दुपारी दोनच्या सुमारास परत फिरा. परतल्यावर कपडे झटकून अंगावर गोचीड नाही ना, हे बघा.

संध्याकाळी दरीकाठी

आता पॉइंट. भीमकुंडाची गोष्ट इथल्या पोराटोरांना पाठ आहे: भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं आणि कुंडात हात धुतले, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा. मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण वैराट, ते विराट राजाचं. पाऊस चांगला झाला असेल तर भीमकुंडाचा धबधबा बघाच. कड्याच्या टोकावरून सुटलेलं पाणी खाली पोहोचेपर्यंत धूर होतं. पंचबोलला आवाज परत येतो. एकदाच हाक मारा आणि ऐका. हरिकेनवरून सकाळी पायाखाली घातलेला गाविलगड समोर दिसतो.

नियम एकच: काठापासून दहा फूट मागे. कड्यावरचं गवत बाहेर झुकलेलं असतं. त्याच्याखाली जमीन आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात हवा असते. बेसॉल्टच्या थरांमधला मुरूम पावसात सुटतो, म्हणून काल जिथे कुणी उभं राहिलं तिथे आज उभं राहता येईलच असं नाही. कठड्यापलीकडे पाय टाकून सेल्फी काढणाऱ्याला हात धरून मागे ओढायला मी कधी लाजत नाही. तुम्हीही लाजू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी: गाव किंवा जंगल

दोन्ही होत नाही, एक निवडा.

जंगल हवं असेल तर सेमाडोह-कोलकासकडे उतरा. तिथे सिपना नदी भेटते, म्हणजे तुम्ही पाण्याच्या दुसऱ्या, तापीकडच्या वाटेला लागलात. साग, ऐन, धावडा, तेंदू, बांबू, मोह. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, पण वाघ दिसेलच या आशेनं जाल तर उदास होऊन याल. इथलं जंगल दाट आणि डोंगराळ आहे. रानपिंगळा बघायला मिळाला तर मात्र भाग्य समजा. हे छोटं घुबड शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं, आणि मेळघाटात त्याची चांगली संख्या आहे. वनविभागाच्या विश्रामगृहाचं आणि सफारीचं आरक्षण आधी करावं लागतं, आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्रातल्या सफारी बंद असतात.

गाव हवं असेल तर मोथा आणि आमझरी. मोथ्याला गवळी कुटुंबं आहेत. सकाळी लवकर गेलात तर कढईत खवा आटताना बघायला मिळेल आणि गरम खवा पानावर मिळेल. थंडीत तिथे स्ट्रॉबेरी होते. आमझरीची ओळख आता मधाचं गाव अशी आहे. चिखलदऱ्याची कॉफीही घ्या, महाराष्ट्रात कॉफीचा मळा बघायला मिळणं तसं दुर्मीळच. घासाघीस करू नका. दहा रुपये कमी करून तुमचं काही वाढत नाही, त्यांचं मात्र कमी होतं. कोरकू घरांच्या रंगवलेल्या भिंती सुंदर असतात, पण फोटो आधी विचारून काढा. घरात म्हातारी बाई असेल तर "आजी, काढू का?" एवढं पुरतं. होळीच्या दिवसांत आलात तर तो कोरकूंचा सगळ्यात मोठा सण असतो. मेघनाथाच्या खांबाजवळ पाहुण्यासारखं उभं राहून बघा, मध्ये घुसू नका.

अडलं-नडलं तर

तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, वनविभागाला १९२६. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, खाली अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी-बांगडी काढा, चावलेला पाय किंवा हात हलू देऊ नका आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास फार महाग पडतो. रोज निघताना हॉटेलवाल्याला सांगून ठेवा की कुठे चाललो आणि किती वाजता येणार. रेंज नसलेल्या डोंगरात हीच खरी सुरक्षा.

नरनाळ्याबद्दल थोडं

अकोल्याकडच्यांना एक गोंधळ नेहमी होतो. शक्कर तलाव दोन आहेत. एक चिखलदऱ्याचा आणि दुसरा नरनाळा किल्ल्यावरचा. नरनाळा अकोट तालुक्यात, पायथ्याला शहानूर गाव. तोही किल्ला तळ्यांसाठीच बघावा. नक्षीदार महाकाली दरवाजा १४८७ चा आणि नऊगजी तोफ हे वेगळं. पण तो या अडीच दिवसांत कोंबू नका, त्याला स्वतंत्र दिवस द्या. वाटेत पोपटखेडचं धरण लागतं.

उतरताना वझ्झर

परतवाड्याजवळ वझ्झरला सापन नदीवर धरण आहे. डोंगरावर अडवलेलं आणि निसटलेलं पाणी दोन्ही बघितल्यावर ते खाली येऊन कुठे थांबतं, हे इथे दिसतं. त्याच गावात शंकरबाबा पापळकर यांचा अनाथ, दिव्यांग मुलांचा आश्रम आहे. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे जायचं तर सहलीच्या गोंगाटात जाऊ नका, आधी विचारून जा.

धरणाच्या काठावर मात्र सावध राहा. पाणी ओसरलं की वरून वाळलेला, भेगाळलेला गाळ दिसतो आणि आत दलदल असते. काही वर्षांपूर्वी आम्ही काठावर बसलो होतो, तेव्हा पुण्याकडची पाहुणे मंडळी पाण्याकडे निघाली. बाजूच्या वावरातले काका ओरडले, "बाप्पा, तिकडं नोका जाऊ, तिथं लय गाय हाये!" मंडळी थांबून गाय शोधायला लागली. आमच्या वऱ्हाडीत ळचा य होतो, आणि काका गाळ म्हणत होते. तेवढ्यात पुढचा तरुण गुडघ्यापर्यंत रुतला. काकांनी धावत जाऊन त्याला आडवं व्हायला सांगितलं, लाठी पुढे केली आणि हळूहळू ओढून काढलं. बूट आतच राहिला. तेव्हा कुणी रुतलं तर त्यानं धडपड करू नये, अंग मागे टाकून आडवं व्हावं, आणि काढणाऱ्यानं स्वतः गाळात न शिरता काठी किंवा दोर फेकावा. आणि काठावरच्या माणसानं काही ओरडून सांगितलं, तर कळलं नसलं तरी आधी थांबा.

दुपारी चारपर्यंत इथून निघालात की दिवस मावळायच्या आत अमरावती येते.